ऑइलमनच्या घरचं तेल

माहा भाऊ रुपराव तेलानं मेला, असं आमच्या घराण्यात अजूनही सांगतात. कोणत्या तेलानं, ते मात्र ज्याचं त्याचं वेगळं आहे. त्याचा पोरगा म्हणते मामाच्या तुपानं. मामा म्हणते पोराच्या ऑलिव्हनं. ती डाएटवाली मॅडम म्हणते, सांगतलेलं कोणी पाळलंच नाही. मी हे सारं ऐकते अन् गप बसते. गप बसणं माह्या स्वभावात नाही, हे आमच्या गल्लीत कोणालेही विचारा.

रुपराव हिंगण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ऑइलमन होता. कोणत्या मशिनीले कधी, कोणतं तेल अन् किती ग्रीस द्यायचं, ते पाहणारा माणूस. सकाळी सहाच्या कंपनी बसनं सक्करदऱ्याच्या घरून जाये, अन् संध्याकाळी त्याच्या आधी त्याच्या कपड्याचा वास घरात शिरे. एकेका मशिनीवर त्यानं पुठ्ठ्याचं एकेक कार्ड लटकवलं होतं. तारीख, तेलाचं नाव, किती दिलं, खाली सही. तेल अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळे, नाकाशी नेई अन् सांगे, हे जळलं, बदला. शिक्षण दहावी नापास, पण तेलाच्या बाबतीत त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नव्हतं.

त्याचं कारण एक किस्सा होता. पुण्याहून एक नवीन इंजिनिअर आला. त्यानं सांगतलं, जुनं ग्रीस काढत कायले बसता, नवीन त्याच्यावरच भरा. रुपराव म्हणे, साहेब, ह्या दोन ग्रीसचं जमत नाही. साहेब हसला, अन् हुकूम तो हुकूम. तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाम झालं, धूर निघाला, मशीन दोन दिवस बंद. तेव्हापासून मॅनेजरसुद्धा आधी त्याले विचारे. हा किस्सा रुपरावनं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगतला. शेवटचं वाक्य आमच्या घरची पोट्टीही त्याच्यासोबत म्हणत: एका बेअरिंगमंदी दोन ग्रीस नाही.

मी त्याची मोठी बहीण, कुसुम. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाली. त्याचा दहावीचा अभ्यास मीच घेतला होता. तो नापास झाला तरी त्याचा माह्यावरचा भरोसा काही नापास झाला नाही. घरात काही अडलं की म्हणे, थांबा, ताईले विचारू.

असा हा माणूस रिटायर झाला अन् तीन वर्षांत, ऐन दिवाळीच्या पंधरवड्यात, त्याच्या छातीत दुखलं. एक नस बंद निघाली. तिच्यात स्टेंट टाकला, म्हणजे नस उघडी ठेवायची जाळीची बारीक नळी. घरी सोडताना डॉक्टरनं दोन गोष्टी सांगतल्या. एक, तेल कमी करा. दोन, रक्त पातळ ठेवायच्या ह्या गोळ्या वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नाहीत. झालं. दोन वाक्यं. माह्या वर्गातलं ढ पोरगंही पाठ करून दाखवेल एवढी.

पण आमच्या लोकाइची अक्कल लिफ्टमधी सुरू झाली. तेल कमी करा म्हणजे कोणतं तेल, असं रुपरावच्या साळ्यानं, मारोतरावनं, विचारलं. अरे भैताडा, हे आतमंदी विचारता नाही आलं? डॉक्टर समोर बसला होता, तेव्हा हा भिंतीवरचं कॅलेंडर पाहून राहिला होता. कमी म्हणजे कमी, त्याच्यात कोणतं कायले पाहिजे? पण कमी करण्यात मजा नाही ना. कमी करण्यात काही सांगता येत नाही, काही विकता येत नाही, कोणाले शहाणपण दाखवता येत नाही. बदलण्यात ते सारं येते.

मारोतराव कुठल्याशा शिबिरात दहा दिवस राहून आले होते. तेव्हापासून त्याइले वाटे, आपण डॉक्टरच आहो, फक्त कागद मिळाला नाही. त्याइनं जाहीर केलं की आजार डब्यातल्या तेलानं होतात, तूप म्हणजे अमृत. गावाकडून दोन किलो तूप आलं. रुपराव आधी घाबरला, पण मारोतरावनं त्याले फोनवर चार व्हिडिओ दाखवले. चारही व्हिडिओत पांढऱ्या कोटातला कोणीतरी माणूस हात नाचवून बोलत होता. पांढरा कोट आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाईही घाले.

तुपाचे पंधरा दिवस झाले नाही तं रुपरावचा पोरगा अंकित आडवा आला. अंकित मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. घरी असला की कानात ते बटण, अन् बोलला की असं बोलते, जसा बाप त्याचा ग्राहकच आहे. त्यानं तूप फ्रिजच्या मांगं टाकलं अन् ऑलिव्हची बाटली आणली. इटलीची. म्हणे तिकडचे लोक शंभर-शंभर वर्षं जगतात. जगत असतील बाप्पा, पण ते तिकडं जगतात. इथं मे महिन्यात छपरावर पापड नुसते ठेवले तं भाजतात. त्या बाटलीतल्या तेलात माह्या भावजयीनं, कौसल्यानं, आलूची भाजी केली तं घरात रंगाच्या दुकानासारखा वास सुटला.

मंग तिसरी आली. त्याइच्या नगरातल्या हॉलमधी फुकट तपासणीचं शिबिर झालं. फुकट म्हटलं की आमचे लोक रक्त काय, किडनीही काढून देतील. तिथं हिमानी नावाची डाएटवाली मॅडम होती. तिनं सांगतलं राइस ब्रान. कोंड्याचं तेल. शिबिराच्या टेबलाखालीच तिचे खोके ठेवले होते, अन् ते कोणालेही विचित्र वाटलं नाही. सक्करदरा तळ्यावर सकाळी फिरणारी जी रिकामटेकडी मंडळी आहे, तिच्यातला एक सरसूचं सांगे, दुसरा खोबऱ्याचं, तिसरा म्हणे आठ-आठ दिवसांनी तेल बदलत राहायचं म्हणजे शरीराले कळत नाही. शरीराले कळत नाही म्हणे. अन् कळलं असतं तं त्यानं काय पोलिसात तक्रार दिली असती?

ऐकावं जनाचं अन् करावं मनाचं, असं आम्ही लहानपणी वहीत घोटलं. रुपरावनं मन म्हणून काही ठेवलंच नाही. ज्या माणसानं एका इंजिनिअरपुढं मान हलवली नाही, तो कोणाच्याही पोट्ट्याच्या फोनपुढं मान हलवे. संध्याकाळी ओट्यासमोर स्टूल घेऊन बसे. सात बाटल्या ओळीनं मांडलेल्या. एकेकीतलं थेंबभर अंगठ्यावर घेई, बोटानं चोळे, हुंगे अन् तोंड पाडे. मशिनीचं तेल त्याले अंगठ्यावर कळत होतं. हे कळत नव्हतं, अन् कळत नाही हे कबूल करायची त्याले लाज वाटे. मले त्याची कीव यायले पाहिजे होती, पण खरं सांगते, मले राग येई. मी म्हणे, एवढा मोठा माणूस होऊन काय लेकरासारखा बाटल्या खेळून राहिला.

सगळ्यात जास्त हाल कौसल्याचे. पोळीले तूप, भाजीले राइस ब्रान, सलादावर ऑलिव्ह, असं तिनं महिनाभर सांभाळलं. कोणी घरी आला की आपलं तेल वापरात आहे का, ते पाहायले सरळ ओट्यापर्यंत जाये. मारोतराव आले की ती तूप पुढं सरकवे, अंकित घरी आला की मांगं घेई. ती बिचारी कोणाले उलटून बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं.

जानेवारीत रुपरावचा वाढदिवस आला. त्याले वडा-भात लागे. बाकी काही नको, पण भरडलेल्या डाळीचे वडे, गरम भातावर कुस्करलेले, अन् वरून मोहरी-हिंगाच्या फोडणीचं चरचरीत तेल. आमच्या मायच्या हातचा तो पदार्थ. वरून तेलाशिवाय वडा-भात म्हणजे नुसतं कोरडं पीठ गिळणं. अंकितनं त्या दिवशी हवेवर तळायची मशीन आणली अन् वडे त्याच्यात टाकले. निघाले ते गोवरीचे तुकडे. वरच्या तेलाची गोष्ट आली तं मारोतराव अन् अंकित, मामा अन् भाचा, ताटावरच भांडले. एक म्हणे तूप ओत, दुसरा म्हणे थेंबही नाही. रुपराव ताटासमोर बसला होता. भात गार होऊन राहिला होता. त्यानं दोघाइकडे पाहिलं अन् एवढंच म्हटलं, "मंग मी खाऊ काय, ते तरी सांगा."

तो कोरडा वडा पाण्यासोबत खाऊन उठला. सहा किलो वजन उतरलं होतं त्याचं तोवर, अन् शर्टाची कॉलर मानेभोवती फिरत होती. त्या दिवशी मले भडभडून आलं. पण मले रडू आलं की मी रडत नाही, कोणाले तरी झापते. मी मामा-भाच्याले दोघाइले झापलं. म्हटलं, तुमच्या दोघाइच्या शहाणपणात माहा भाऊ उपाशी मरेल. मंग मी घरी आली अन् ठरवलं की आता ह्या भैताडाइच्या मधात आपणच पडायले पाहिजे.

फेब्रुवारीच्या शेवटी मी उमरेडच्या घाणीवरून जवसाचं तेल काढून आणलं. माह्यासमोर काढलेलं, ताजं, पिवळं. आमची माय ह्याच तेलावर ब्याऐंशी वर्षं जगली. रुपरावले मी समोर बसवलं, जसं दहावीत बसवत होती. सांगतलं, बाकीचा बाजार बंद कर. जवसात ओमेगा राहते. रक्त पातळ ठेवते. रोज सकाळी एक चमचा घे, अन् कोणाचं ऐकू नको.

त्यानं थेंबभर तेल अंगठ्यावर घेतलं, चोळलं, हुंगलं. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर ओळखीचं काही दिसलं. मायचा वास येते, म्हणे. मंग त्यानं मले विचारलं, "ताई, खरंच पातळ करते का वं हे रक्त?"

"विज्ञान मी शिकवलं का तू?" मी म्हटलं.

तो हसला अन् मान हलवली. आणखी काही विचारायचं त्याच्या तोंडावर होतं, मले दिसलं होतं. पण माह्यापुढं दहावीपासून कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. मी बाटली कपाटात ठेवली, कौसल्याले चमचा किती मोठा ते दाखवलं अन् रुबाबात घरी आली. रस्ताभर मनात म्हणत होती, एवढ्या लोकाइमधी एक तरी शहाणं माणूस पाहिजे.

अन् गंमत पाहा, सारं ठीकही झालं. मार्च-एप्रिल रुपराव खुशीत होता. बाटल्यांसमोर बसणं बंद झालं. कोणी तेलाचं सांगायले आलं की म्हणे, ताईनं सांगतलं आहे, आता बदल नाही. रोज सकाळी कपाट उघडे, चमचा भरे, पिये, वरून पाणी घेई. मले तं फोन करून सांगे, आज पंचेचाळिसावा चमचा झाला म्हणून. मी दहा जणाइले सांगत फिरली की पाहा, आता कसा लाइनवर आला.

मे महिन्यात एका सकाळी तो तळ्यावरून फिरून आला, दारात चप्पल काढायले वाकला अन् तसाच खाली बसला. कौसल्या पाणी घेऊन आली तोवर संपलं होतं. दवाखान्यात नेलं तं डॉक्टरनं सांगतलं, स्टेंटमंदी रक्ताची गाठ धरली असावी. त्यानं विचारलं, गोळ्या बरोबर चालू होत्या ना? हाव, हाव, आम्ही सगळ्याइनं एका सुरात सांगतलं. मी सगळ्यात मोठ्यानं.

दवाखान्याच्या व्हरांड्यातच तेलाचं सुरू झालं. रुपरावचा देह आतमंदी होता अन् मारोतराव बाहेर म्हणून राहिले होते, तरी मी सांगत होतो, त्या परदेशी तेलाचं हे. अंकित रडत-रडत म्हणत होता, मामा, तुमच्या तुपानं नस भरली. मले वाटलं दोघाइच्या डोक्यावर तेलाचा डबाच उलटा करावा. तेव्हाच मी ठरवलं, तेरवीच्या दिवशी, सगळे पंगतीले बसले की एकेकाची जिरवायची. तेरा दिवस मी मनातल्या मनात वाक्यं घासली. अशी वाक्यं होती ती, की ऐकणाऱ्याले घास गिळता नसता आला.

तेरवीले आमच्याकडे वडे लागतातच. मांडव टाकला होता. आचाऱ्यानं सोयाबीनचा डबा फोडला अन् कढई चढवली, अन् कोणतं तेल हे कोणी विचारलं नाही. पहिल्याच पंगतीले मारोतराव मांडी घालून बसले. बाजूले अंकितचे मिहानवाले दोस्त. हिमानी मॅडमही आली होती, नवीन खोकं न घेता, तेवढी तिची मेहरबानी. भात वाढला, वडे कुस्करले, अन् सगळे वरच्या तेलाची वाट पाहत बसले. कमी तेलवाले, बिनतेलवाले, सगळे ताट पुढं सरकवून.

तेवढ्यात कौसल्यानं मले घरात बोलावलं. ती सैपाकघरात भिंतीले टेकून बसली होती. म्हणे, वरच्या तेलाची फोडणी घरच्या तेलाची द्या, त्याइच्या आवडीची. मी सातही बाटल्याइकडे पाहून विचारलं, ह्यातलं कोणतं वं? माह्या आवाजात सगळ्या पाहुण्याइसाठी साठवलेला तिरस्कार होता. ती उठली अन् तिनं कपाट उघडलं, ज्याच्यात माही जवसाची बाटली होती.

कपाटाच्या दाराले आतून पुठ्ठ्याचं एक कार्ड टांगलं होतं. कारखान्यातलं असे तसंच. वर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, मशीन: रुपराव. खाली तारखा. तूप, मारोतभाऊ, बंद. ऑलिव्ह, अंकित, बंद. राइस ब्रान, मॅडम, बंद. प्रत्येकावर पट्टी लावून आडवी रेघ. शेवटच्या ओळीवर रेघ नव्हती. एक मार्च. जवस, एक चमचा, सकाळी. ताई. रक्त पातळ होते. गोळी बंद. एका बेअरिंगमंदी दोन ग्रीस नाही. अन् खाली सही.

बाटलीच्या मांगं गोळ्याइच्या पट्ट्या होत्या. न फोडलेल्या. रबर लावून नीट ठेवलेल्या, जसं तो उरलेलं सामान स्टोअरमधी परत करायले ठेवे.

मी ते कार्ड दोनदा वाचलं, मंग तिसऱ्यांदा. कौसल्या म्हणे, तिनं रोज चमचा पाहिला अन् गोळीही घेतली असं धरून चालली. दहाव्याच्या दिवशी तिले कार्ड दिसलं. तेव्हापासून ती एकटीच ते पाहून राहिली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तं मले काही तरी करता आलं असतं, भांडता आलं असतं.

"मी हे कोणाले दाखवलं नाही, ताई. अंकितलेही नाही," ती म्हणाली. मंग बाटली माह्या हातात दिली. "बाकीच्याइचं ते नुसतं ऐकत होते. भरोसा तुमच्यावरच होता."

बाहेरून मारोतरावनं हाक मारली, तेल येऊन राहिलं का म्हणून. मी कढई ठेवली. जवसाचं तेल ओतलं, मोहरी टाकली, हिंग टाकला, लाल मिरची मोडून टाकली. सारं घर मायच्या वासानं भरलं. पळी घेऊन मी मांडवात आली अन् ओळीनं एकेकाच्या भातावर तेल टाकत गेली. तेरा दिवस घासलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. हिमानी मॅडमनं ताट पुढं केलं, मी टाकलं. अंकितनं खाली पाहत ताट धरलं, मी टाकलं. मारोतरावनं दोनदा घेतलं.

"वा ताई," तोंडात घास घेऊन ते म्हणाले, "कोणतं तेल होय वं हे?"

"जवसाचं," मी म्हटलं. "मी आणलेलं."